नखाएवढी फिल्म

नव्वदच्या दशकात जालन्याच्या कॉलेजात मी अल्ट्रासाउंडवर संशोधन करत होतो. सगळे सिरॅमिकची चकती वापरायचे. तिला विजेचा झटका दिला की ती घंटेसारखी घुमत राहायची आणि पातळ वस्तूच्या पुढच्या-मागच्या बाजूंचे प्रतिध्वनी त्या घुमण्यात मिसळून जायचे. मला एकदाच बोलून गप्प बसणारी वस्तू हवी होती. ती निघाली प्लास्टिकची पातळ फिल्म, दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेली. झटका दिला की ती थरथरते, आवाज आदळला की तीच वीज देते. बोलणारी तीच, ऐकणारीही तीच! मी तर वेडाच झालो. गाईडनी परदेशातून एकच तुकडा मिळवला होता. ‘हा गेला तर विषय बदलायचा,’ असं बजावलं होतं.

खंडेनवमीला वडील वाटूरहून आले, म्हणून त्यांना प्रयोगशाळा दाखवली. पूजा झालेली, सगळ्या यंत्रांवर झेंडू होता. दसऱ्यानंतर फिल्म चालताना बघायला तेही सोबत आले. फिल्मवरचं फूल उचललं आणि माझं डोकंच फिरलं. फुलाखाली लावलेल्या ओल्या कुंकवातल्या चुन्यानं मुलामा खाल्ला होता. फिल्म मधोमध आरपार दिसत होती.

“हे कुणी केलं?”

“मीच लावलं, तू चहा सांगाया गेल्ता तवा. पूजेबिगर नवं औजार कसं ठेवावं?” मग हळूच म्हणाले, “बिलकुल वाया गेलं का रे?”

मी फिल्म उजेडापुढे धरली. एका कोपऱ्यात मुलामा शाबूत होता. तिथून नखाएवढा तुकडा कापून, तारा जोडून ठोकळ्यावर चिकटवला. पाण्यात न विरघळणारं चिकटद्रव्य वाळायला रात्र गेली; वडील गावी न जाता थांबले. सकाळी ठोकळा पाण्यात सोडला, समोर काचेची पातळ पट्टी धरली.

यंत्राच्या पडद्यावर रेघेची दोन टोकं उभी राहिली. बारीक, पण एकमेकांपासून स्पष्ट वेगळी. एक काचेच्या पुढच्या बाजूचं, एक मागच्या. कानाला न ऐकू येणारा आवाज काचेच्या आत जाऊन परत आला होता आणि एवढ्याशा फिल्मनं तो बरोबर ओळखला होता. कितीतरी वेळ मी नुसता बघतच राहिलो.

“चालू आहे, बाबा,” मी म्हणालो. “विषय बदलावा लागणार नाही.”

स्टुलावर बसलेले वडील एकदम उठले आणि त्यांनी पिशवी उचलली.

“मंग जाऊ का मी आता? ज्वारीची पेरणी राह्यलीय.”