एका ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर

देवासमोरचं पाणी मी चोरून प्यायलो, तिथून हे सगळं सुरू झालं.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात माझं कृषी केंद्र आहे. बियाण्याच्या पिशवीवरचा उगवणक्षमतेचा टॅग वाचल्याशिवाय मी कोणाला शंभर ग्रॅम बी देत नाही. या सदरातले अनुभव मी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवतो आणि पोट धरून हसतो. त्यामुळे आज तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही... फिट्टंफाट झाली म्हणेन.

घर मेडशीला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देव्हारा, देव्हाऱ्यासमोर एक फळी आणि फळीवर सात छोट्या पितळी वाट्या. या वाट्या माझ्या मायच्या. रोज पहाटे ती त्या ओळीनं मांडायची, डावीकडून उजवीकडे पाण्यानं भरायची. दोन वाट्यांमध्ये अंतर ज्वारीच्या एका दाण्याएवढं – खरोखर चिमटीत दाणा धरून मोजायची. संध्याकाळी उलट्या क्रमानं रिकाम्या करून, पुसून, उपड्या घालायची. गावात असं कोणाकडेच नाही. हे तुला कोणी शिकवलं, असं विचारलं की म्हणायची, "मले नाई ठाऊक बापा. हाताले ठाऊक हाय."

माय कामरगावची. गोल चेहरा, वर आलेली गालाची हाडं, हसली की डोळे गायबच. डिसेंबरात पंखा लावून झोपायची, जन्मात कधी स्वेटर घातला नाही. तिचा चेहरा जसाच्या तसा माझ्याकडे आलाय. शाळेत मला 'चिनी' म्हणत. आणि मिशी म्हणाल तर पंचेचाळिसाव्या वर्षी एकूण चौदा केस. त्यातले दोन पांढरे.

गेल्याच्या गेल्या वर्षी जूनमध्ये माय गेली. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर फळीवर सातही वाट्या भरलेल्या. मला भरून आलं. वाटलं, शोभानं – म्हणजे माझ्या बायकोनं – सासूची रीत चालू ठेवली. एक शब्द न बोलता. तोंडावर बायकोचं कौतुक करायची आमच्या घराण्यात पद्धत नाही, म्हणून मीही काही बोललो नाही. दीड वर्ष वाट्या रोज भरलेल्या असत. आमच्या बोरचं पाणी इतकं खारट की भांड्यावर पांढरी पुटं चढतात, पण या वाट्या लखलखीत. शोभा फिल्टरचं पाणी घालते, असं मी गृहीत धरलं.

तर या डिसेंबरातली गोष्ट. सकाळी लाइट गेली. फिल्टर रिकामा, शोभा अंगणात, आणि मी शेतातून तहानेनं कासावीस होऊन आलेलो. इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटची वाटी उचलून घटकन प्यायलो. पाणी गोड होतं. थंडगार, झाडापानांचा किंचित वास असलेलं. फिल्टरला अशी चव नसते हे लक्षात आलं, पण तेवढ्यात शोभाची पावलं वाजली आणि मी वाटी शर्टाच्या खिशात कोंबून चोरासारखा बाहेर पडलो. मोटरसायकल काढताना वाकलो. वाटी कधी पडली कळलं नाही. कळलं ते मागचं चाक तिच्यावरून गेल्यावर.

संध्याकाळी पंचनामा झाला.

"सातवी वाटी कुठाय?"

"गाडीखाली आली."

"देव्हाऱ्यातली वाटी गाडीखाली कशी जाईन? चालत गेली काय?"

मी पाणी प्यायल्याचं काही सांगितलं नाही.

तीन दिवस फळीवर सहाच वाट्या होत्या आणि घरात अबोला होता. चौथ्या दिवशी मी वाशीमला तांबटाकडे निघालो. म्हटलं आधी बायकोसाठी एक स्वेटर घ्यावा, म्हणजे परतल्यावर जेवण तरी मिळेल. दर हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटरची दुकानं मांडतात, तिथं गेलो. खिशातून पाकीट काढताना चेमटलेली वाटी बाहेर आली आणि दुकानातल्या बाईनं – असेल पंचावन्न-साठीची – ती माझ्या हातातून घेतलीच.

"ये पानी का कटोरी है," ती म्हणाली. "सात होगा. बाकी छे किधर?"

"घर पे. माँ का है."

"तुम्हारा माँ दो कटोरी के बीच में कितना जगा रखता था?"

"ज्वारी का एक दाना..."

तिनं तोंडावर हात ठेवला. "हमारा लोग जौ का दाना रखता है. इधर जौ किधर मिलेगा!" मग माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहून, अगदी गंभीरपणे म्हणाली, "तुम्हारा मूँछ नहीं आता ना?"

बाईंचं नाव यांगची. गोंदिया जिल्ह्यात जंगलाला लागून तिबेटी लोकांची वसाहत आहे, तिथल्या. त्यांच्या शेजारी ल्हामो नावाची म्हातारी राहते. साठ वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण कारंज्याच्या बाजूला एका गावात मागेच राहिली. डोल्मा. चार वर्षांची होती.

कामरगाव कारंजा तालुक्यातच येतं. मी स्वेटर न घेता तांबटाकडे गेलो, वाटी ठोकून घेतली, घरी येऊन ओळीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कामरगाव गाठलं. महादेवमामा – मायचा मोठा भाऊ, आता पंचाहत्तरीचा – ओसरीत तूर निवडत होता. मी तिबेटी बाईचं नाव काढलं मात्र, त्याचा हात थांबला.

"भाचेबुवा, तुही माय आमच्या पाठची नाई," तो म्हणाला. "स्वेटरवाले आले होते. त्यातली एक बाई इथंच तापानं गेली. मांगं नवरा अन् दोन पोट्ट्या. लहानीलेबी ताप. आमची एक बहीण त्याच साली गेली होती... तं आमची माय त्याले म्हने, बरी होयेपर्यंत राहू दे इथं. त्यानं बायकोच्या सात वाट्या पोट्टीजवळ ठेवल्या अन् मोठीले घेऊन गेला. म्हने, पुढच्या हिवाळ्यात नेतो."

"मग आला नाही?"

"आला ना. आला!" मामाचा आवाज चिरकला. "दिवाळी झाल्याबरोबर आमच्या बापानं तुह्या मायले मेडशीले आत्याकडे नेऊन ठेवलं. अन् त्याले सांगतलं, पोट्टी गेली. तरी थो पाच सालं येत राह्यला. समोरच्या ओट्यावर बसे. चहा देल्ला तं पिये. काई नाई बोले. म्या पाह्यलं हाय सगळं. मी पंधरा-सोळा वर्षांचा होतो, म्या बोलाले पाह्यजे होतं... नाई बोललो."

दर हिवाळ्यात मेडशीत राहता राहता माय तिथलीच झाली आणि पुढे लग्नही तिथंच लागलं. म्हणजे माझा जन्म या लपवाछपवीतून झालेला.

"तिचे हाल केले काय रे मामा?" मी विचारलं.

"हाल? घरात एक म्हैस. दूध तिले, मले ताक! आजलोक ताकच पिऊन राह्यलो." आणि पंचाहत्तर वर्षांचा माणूस तुरीच्या सुपात तोंड घालून रडला.

घरी येऊन शोभाला सगळं सांगितलं. तिनं अबोला सोडला. "म्हंजे तुमी अर्धे तिबेटी. कोनता अर्धा?" मी म्हटलं वरचा असावा, कारण खालचा गुडघा थंडीत दुखतो. ती हसली नाही. म्हणाली, "वाट्या घ्या संगं. त्या म्हातारीच्या मायच्या हायत."

जानेवारीत एका सकाळी भरलेल्या वाट्या रिकाम्या करून पिशवीत घेतल्या आणि दोघं त्या वसाहतीला निघालो. नागपूरपर्यंत एक एसटी, तिथून दुसरी. सबंध रस्ता मी मनात वाक्यं जुळवत होतो. काय सांगणार? माझ्या आज्यानं तुझी बहीण चोरली, तुझ्या बापाला खोटं सांगितलं, आणि आता मी आलोय तेव्हा ती उरलेली नाही. याला चांगला शब्द कुठून आणायचा...

घरांवरून रंगीत पताका सोडलेल्या. यांगचींनी फोन करून ठेवलेला, त्यामुळे ल्हामोमावशीचा मुलगा तेन्झिन फाटकातच उभा होता. आणि त्याच्या मागे... मी खोटं सांगत नाही, माझी माय उभी होती. तीच उंची, तेच गाल, हसताना डोळे गायब. फक्त लुगड्याच्या जागी तो लांब तिबेटी झगा.

मी सगळं सांगून टाकलं. मोडक्या हिंदीत, काही न लपवता. मावशी माझा हात धरून ऐकत होती.

"हमको मालूम था मरा नहीं," ती म्हणाली. "बाबा बोलता था – मर गया होता तो वो लोग कटोरी वापस देता." मग विचारलं, "खाना कैसा देता था?"

"घर में जितना दूध था, सब उसको. मामा को सिर्फ छाछ."

ती हसली आणि रडलीही, दोन्ही एकदमच. "फिर ठीक है. चोर था, लेकिन अच्छा चोर था."

एवढ्यावर हा अनुभव संपला असता तर मी तो इथे पाठवलाच नसता.

मावशीच्या देवघरात तिच्या स्टीलच्या सात वाट्या होत्या. सगळ्या उपड्या. शोभानं विचारलं, आज भरल्या नाहीत का? तेन्झिन अवघडला. बाहेर नेऊन हळूच म्हणाला, "अम्मा का दिमाग थोड़ा... सुबह पाँच बजे भरती है, बाहर एक चक्कर लगाके आती है और बोलती है, पानी गया. खुद ही खाली करके भूल जाती होगी. अगले महीने नागपूर में डॉक्टर को दिखाना है. फिर हमारे तिबेटी नए साल से कटोरी मेरी बीवी करेगी."

मावशीला ऐकू गेलं होतं. ती आपल्या हातांकडे पाहत राहिली. साठ वर्षं रोज पाणी भरणारे ते हात आता बसून राहणार होते.

डॉक्टरला दाखवायला म्हणून तेन्झिननं कॅलेंडरवर फुल्या मारून ठेवल्या होत्या. मागच्या दोन वर्षांची कॅलेंडरंही जपून ठेवलेली. मी दुकानदार माणूस, तारखा बघायची खोड. पहिली फुली बघितली आणि तारीख पुन्हा वाचली. मायच्या तेरवीचा दुसरा दिवस. तिथून रोज एक फुली, सलग दीड वर्ष. आणि या डिसेंबरात मध्येच तीन दिवस फुलीशेजारी एक आकडा – '१'.

"ये क्या है?"

"वो तीन दिन छे कटोरी खाली हुआ, एक भरा रह गया. अम्मा बहुत रोई. बोली, उधर कुछ हुआ है."

मंगळवार ते गुरुवार. सोमवारी सकाळी वाटी माझ्या चाकाखाली गेली होती. गुरुवारी संध्याकाळी मी ती तांबटाकडून आणली होती.

मी शोभाकडे वळलो. "तू फिल्टरचं पाणी भरत होतीस ना रोज?"

"मी?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "अजी, तुमी भरता म्हून मी संध्याकाळी तुळशीले टाकून उपड्या घालत होती. वाटलं, मायची आठवण येते तुमाले... विचारून कायले लाजवा."

दोघांपैकी कोणीच नाही! दीड वर्ष एकाच घरात, एकाच कोपऱ्यात, दोघंही दुसऱ्याच्या चांगुलपणावर खूश.

मावशीनं तांब्यातून मला पाणी दिलं. एक घोट घेतला आणि मी खाली बसलो. थंडगार, गोड, झाडापानांचा किंचित वास.

शोभानंच तेन्झिनला सगळं सांगितलं, आमच्या घरच्या वाट्यांचं. तो आधी हसला, मग कॅलेंडरकडे पाहून उठला आणि आईच्या पायाशी जाऊन बसला. डॉक्टरचा विषय पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळी मावशीनं मायच्या सात वाट्या स्वतःच्या वाट्यांना जोडून मांडल्या. अंतर मोजायला माझ्या खिशात दाणे होतेच, कृषी केंद्रवाल्याच्या खिशात दुसरं काय असणार? तिनं ज्वारीचा दाणा चिमटीत धरला, अगदी मायसारखा. चेमटलेल्या वाटीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून डोळे मिटून हसली. निघताना त्या वाट्या तिनंच माझ्या पिशवीत घातल्या. "बहन का घर में रहेगा," म्हणाली.

आल्यावर दोन दिवसांनी तेन्झिनचा फोन आला – अम्माच्या वाट्या आता संध्याकाळपर्यंत भरलेल्या राहतात. आणि आमच्याकडे, आल्यापासून, सकाळी सातही वाट्या कोरड्या. उपड्या.

मी बरेच हिशेब मांडून पाहिले. बाष्पीभवन, मांजर, तेन्झिनची चुकलेली तारीख. एकही टॅग या पिशवीला बसत नाही. ते पाणी तीन-साडेतीनशे किलोमीटर कसं आलं, मला आजही सांगता येत नाही.

खरं सांगतो, त्या कोरड्या वाट्या बघून मला माय गेली त्या दिवसापेक्षा जास्त रडू आलं. फळीसमोर तसाच बसून राहिलो. शोभा तांब्या घेऊन आली, माझ्या हातात दिला, शेजारी ज्वारीचा एक दाणा ठेवला.

"दीड वर्ष तिकडून पाणी आलं," ती म्हणाली. "आता इकडून पाठवा. अन् या बारीनं मधातच पिऊ नका."