उसनं झाड

"थांबा. सगळं एकदम बघायचं नाही."

त्यांच्या घराच्या मागच्या दारात आपण पाऊल टाकलं, की ते कंडक्टरसारखा हात आडवा धरायचे. मग बाजूला होत म्हणायचे, "हं, आता चला. हळू."

ते नागपूरचे. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात मी फार्मसीत, ते फिजिओथेरपिस्ट. राहायला एकाच गल्लीत. बागेचं वेड त्यांना मुळात नव्हतंच. मागं चौकोनी लॉन होतं आणि दर शनिवारी त्यावर मशीन फिरवताना ते मनसोक्त शिव्या घालत. मग त्यांची आई आली, खुब्याच्या ऑपरेशननंतर. साऱ्या गावाला चालतं करणारा हा माणूस घरच्या पेशंटपुढं हरला. आई डेकवरच्या खुर्चीतून हलेना.

"इथूनच तर सारं दिसते," ती लॉनकडं बोट दाखवायची. "कुंपणापर्यंत जाऊन मले काय भेटन?"

एका रविवारी त्यांनी तिला व्हीलचेअरमधून गावातल्या सार्वजनिक बागेत नेलं. तिथं एक चिनी बाग आहे. जुन्या काळी तिकडचे लोक शहरातल्या घरामागं करायचे तशी. आत शिरलं की समोर भिंतच. वाट वळते, गोल दारातून थोडंसं तळं दिसतं, की पुन्हा वळते. दुसऱ्या वळणाशी आई म्हणाली, "थांब बावा, उतरव मले." आणि वॉकर धरून पुढं काय आहे ते बघायला निघाली.

पुढच्या शनिवारी लॉनवर कुदळ पडली.

जागा लहान म्हणून वाट वाकडी केली. बांबूचे आडोसे आले, परातीएवढं तळं आलं, एक उंच दगड उभा राहिला. "हा डोंगर आहे. हसू नका," त्यांनी मला बजावलं. शेवटी एक भिंत, तिला गोल खिडकी, आणि खिडकीत बरोबर मध्ये शेजारच्या बॅरीच्या अंगणातला ओक.

"झाड त्याचं, पण बाग आपली," ते खूश होऊन म्हणाले. "चिनी लोक याला दृश्य उसनं घेणं म्हणतात."

आई प्रत्येक वळणाशी विचारायची, "पुढं काय आहे?"

"मले काय माहीत? जाऊन पाह्य ना!"

आणि ती जायची.

एका एप्रिलात, म्हणजे इकडच्या शरदात, बॅरीनं कुंपणावरून सांगितलं, सोमवारी झाड पाडणार. पानांनी छपराच्या पन्हळी तुंबतात. ते पडलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडं आले. "उसनं घेताना मी विचारलंच नव्हतं हो!"

"मग आता विचारा," मी म्हटलं.

बॅरी आला. "किया ओरा," त्यानं आईला माओरीत नमस्कार केला. "जय भीम," आई म्हणाली. दोघांचं तेवढ्यावर छान जमलं. बॅरी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत सगळी वळणं घेऊन खिडकीशी पोचला. लाल-पिवळ्या पानांनी ओक नुसता पेटला होता. बॅरी खिडकीत वाकून बघत राहिला.

"मेट," तो शेवटी म्हणाला, "मला इतकी वर्षं फक्त पन्हळी दिसत होत्या."

"पन्हळी मी साफ करीन. दर वर्षी."

"स्वीट ॲज," बॅरीनं खुशीत मान डोलावली.

तेव्हापासून दर शरदात ते शिडीवर, खाली शिडी धरून बॅरी, आणि डेकवरून आई ओरडतेय, "पडशीन! माझ्यासारखा खुबा मोडून घेशीन!"

यंदा त्यांना ख्राइस्टचर्चला नोकरी लागली. घर विकलं. निघायच्या दिवशी सामानाचा ट्रक पुढं गेला, गाडी सुरू झाली, आणि आईचा पत्ता नाही. आम्ही बागेतलं एकेक वळण धुंडाळलं. शेवटी ते गोल खिडकीशी थबकले.

आई पलीकडं, ओकाखाली, काठी टेकून उभी होती. पुढच्या फाटकातून निघून, गल्लीला वळसा घालून, एकटी तिथवर गेली होती.

"आई! तिथं काय करून राहिली?"

"या बाजूनं आपलं कसं दिसते ते पाहून राहिली," ती म्हणाली. "लय छान दिसते रे. तूही ये."

गाडी तशीच चालू ठेवून ते धावले. मी खिडकीशी उभी होते. थोड्या वेळानं झाडाखाली दोघं दिसली. आई बोट दाखवत होती, आणि ते मान वाकडी करून बघत होते.