नानांची वरची ओळ

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. गिऱ्हाईक नसलं की ते आपोआप साठतात, आणि हल्ली दुकानात शांतताच जास्त! जुन्या ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट विकणारे आम्ही तिघं: जळगावात मी, धुळ्यात बापू, धरणगावात नाना. तिघांच्या मालाची एकच एक्सएमएल यादी, म्हणजे प्रत्येक माहितीला टॅग नावाची चिठ्ठी लावलेली कॉम्प्युटरची फाइल. नाना या उन्हाळ्यात गेले. आता यादीतून त्यांचं नाव काढायचं की ठेवायचं, हे आम्हा दोघांवर येऊन पडलं.

यादी पहिल्यांदा एकत्र केली, तेव्हा माझ्या ‘नंबर’ या टॅगात पार्टचा नंबर होता, बापूच्या ‘नंबर’मध्ये रॅकच्या कप्प्याचा. नंबर जुळला म्हणून असोद्याच्या एका आबांना मी बेअरिंगसाठी थेट धुळ्याला धाडलं. आबा संध्याकाळी परत आले. "भाऊ, त्या कप्प्यात तर फॅनबेल्ट निघाले. कप्पाच उचलून आणायचा होता का?"

मग साठीतले नाना मोबाइलवर बघून प्रीफिक्स शिकले, म्हणजे टॅगाच्या आधी दुकानाचं टोपणनाव लावायचं. माझा ‘ज:नंबर’, बापूचा ‘धु:नंबर’. कोणता प्रीफिक्स कोणत्या दुकानाचा, ते फाइलीच्या वर वेबसाइटसारख्या लांबलचक पत्त्यानं लिहायचं. हीच नेमस्पेस. बापूनं पहिल्याच दिवशी वरची ओळ गाळली. अख्खी फाइल नापास! नाना फोनवर म्हणाले, "टोपणनावानं हाका मारतोस बापू, पण माणूस कोण ते सांगितलंच नाहीस!"

पुढं बापूनं वरच्या ओळीत आणि टॅगांत ‘धु’चा ‘बा’ केला. मी भांडलो, पण फाइल बिनतक्रार चालली. मग मी शहाणपणा केला. बापूच्या पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ फालतू वाटली, खोडली. धुळ्याचा सगळा माल यादीतून गायब! नाना म्हणाले, "टोपणनाव काहीही ठेवा रे, पण पत्त्याचं एक अक्षर हलवू नका. एका रेघेनं बापूचं दुकान बुडवलंस!"

एकदा मी नानांचा पत्ता इंटरनेटवर उघडून पाहिला. काहीच नाही. "नाना, तुमची साइट बंद पडली!"

"होती कधी? तो पत्ता ओळखायला आहे, जायला नाही."

परवा बापू आणि मी धरणगावला गेलो. नानांचा माल विकला गेला होता. त्यांच्या घरी बसून बापूनं लॅपटॉपवर यादीतल्या त्यांच्या वस्तू एकेक करून पुसल्या. शेवटी वरची ओळ तेवढी उरली.

"अक्का," बापूनं नानांच्या बायकोला विचारलं, "नानांच्या नावाची एक ओळ आहे. तिच्याखाली आता काही नाही. काढू?"

"ठेवी तर फाइल अडस का?" अक्कांनी अहिराणीत विचारलं.

"नाही अक्का. नुसती राहते वर."

अक्का चहाचे कप गोळा करत उठल्या.

"मंग राहू द्या. दुकानमा काय उरेल शे? तरी शटरवरनं नाव मी पुसेल नही."