मुळांशी पाणी

उन्हात तापलेल्या रबरी नळीतून पहिलं गरम पाणी बाहेर आलं, की तो वास मला थेट एकलहऱ्याच्या आमच्या क्वार्टरच्या अंगणात नेतो. एका उन्हाळ्यातल्या दुपारी आईचं पोटाचं मोठं ऑपरेशन चालू होतं, आणि दवाखान्यात येरझाऱ्या घालून सगळ्यांना हैराण करणाऱ्या बाबांना मावशीने माझ्यासोबत घरी धाडलं होतं. आल्या आल्या त्यांनी नळीच्या टोकाला पोकळ लोखंडी सळई जोडली. ती मातीत खुपसली की पाणी थेट मुळांशी जायचं. आंबा झाला, पेरू झाला, जास्वंद झाली, तरी ते पुन्हा आंब्याकडे वळले. घोट्यापर्यंत चिखल झाला. "बाबा, पुरे आता, मुळं कुजतील," मी म्हणालो. "मग काय करू? हात बांधून बसू?" ते ओरडले. तेवढ्यात फोन वाजला. ते जागचे हलले नाहीत. "तूच घे," एवढंच म्हणाले. पलीकडे मावशी रडत रडत हसत होती. आई शुद्धीवर आली होती. मी सांगितलं तसे बाबा चिखलातच मटकन बसले आणि म्हणाले, "तिला घोटभर पाणी दिलं का रे कुणी?" आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाचा आहे. बायको दवाखान्यात तपासणीसाठी आत गेली की मलाही बाहेर बसवत नाही.