रुसव्याची सायकल

खैरीच्या भय्याजींनी लग्नात रुसून सासऱ्याची सायकल मिळवली, ही गोष्ट धरणाच्या चारी काठांना ठाऊक होती. ठाऊक नसायला काय झालं? भय्याजी स्वतःच ती सांगत फिरत.

तसा हा माणूस रुसणाऱ्यातला नव्हता. पण आमच्याकडे नवरदेवानं जेवणाच्या ताटावर रुसायचंच असतं. वाढून झालेलं असतं, उदबत्तीचा धूर नाकात जात असतो, आणि नवरदेव हात मांडीवर ठेवून मांडवाच्या छताकडे बघत बसतो. मग सासरा येऊन विचारतो, काय पाहिजे. बहुतेकांचं घड्याळावर मिटतं. भय्याजींनाही घरून घड्याळच पढवून पाठवलं होतं. पण ऐन वेळी त्यांची नजर मांडवाच्या खांबाला टेकवलेल्या हिरव्या सायकलवर गेली आणि तोंडातून निघून गेलं, "सायकल."

सायकल सासऱ्यांच्या, म्हणजे मुरझरीच्या तुलारामांच्या घरचीच होती. तुलारामांनी सायकलकडे पाहिलं, मांडवातल्या माणसांकडे पाहिलं. मग त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं सीट पुसली, घंटी एकदा वाजवून पाहिली आणि सायकल ताटाजवळ आणून उभी केली. भय्याजींनी लगेच वडा उचलला. शेजारी बाशिंगाआडून नवरी पुष्पा हे सगळं पाहत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. नवरीला विचारायची रीतच नाही.

हे चौऱ्याहत्तर सालचं. धरण भरून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. खैरी अलीकडच्या काठाला, मुरझरी पलीकडच्या. मधला जुना रस्ता पाण्याखाली गेलेला, त्यामुळे लोक डोमा ढिवराच्या डोंग्यात बसून पलीकडे जात. एवढ्या मोठ्या पाण्याला वळसा घालून जावं असं कुणाच्या डोक्यात येत नसे. भय्याजींच्या आलं. सायकल आली आणि त्यांना धरणाचं वेडच लागलं. धान रोवून झालं की निघाले, कापून झालं की निघाले, आणि खरं सांगायचं तर मध्येही निघाले. पाळीवरून, म्हणजे धरणाच्या बांधावरून जायचं, पुढे मोहाच्या जंगलातून, बुडिताच्या कडेकडेनं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुना रस्ता कुठे वर येतो, हिवाळ्यात बदकं कुठल्या खाडीत उतरतात, हे सगळं ते गावात येऊन सांगत. ऐकणाऱ्याला बैल सोडायचे असोत की चूल पेटवायची असो, भय्याजींचं धरण संपेपर्यंत सुटका नसे.

"त्या धरणालेच बायको करून आणाचं होतं," पुष्पाबाई म्हणत. "मले एक दिवस तरी नेता काय संग?"

"नेलं असतं, पण कॅरियर ढिल्लं हाय ना," भय्याजी सांगत. कॅरियर आठ वर्षं ढिल्लंच राहिलं. पुष्पाबाईंनी सायकलला हात लावला तरी हे दुरून ओरडत, "हळू! चेन पडते!"

चेन पडायची हे मात्र खरं. चढ आला की पडे, उतार आला की पडे, कधी कधी सायकल नुसती उभी असताना पडे. आणि हेच भय्याजींचं गुपित दुःख होतं. सासऱ्याची एवढी चांगली सायकल आपण हावरटासारखी मागून घेतली आणि वर तिची वाट लावली, असं त्यांना मनातून खात असे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ते डोंग्यातून मुरझरीला गेले, तेव्हा घाटावर उभ्या तुलारामांनी जावयाकडे पाहण्याआधी त्याच्या मागे डोंग्यात पाहिलं आणि विचारलं, "सायकल नाई आणली?" भय्याजींना वाटलं, म्हाताऱ्याचा जीव अजून तिच्यात अडकला आहे. ते दोन घास कसेबसे खाऊन परतले आणि नंतर त्या घराची पायरी चढले नाहीत. धरणाच्या फेऱ्या मारत ते जांभळीपर्यंत जात. तिथून मुरझरीचा रस्ता फुटतो. त्या फाट्यावर ते उतरत, मुरझरीकडे तोंड करून एक बिडी ओढत आणि मागे फिरत. गावात मात्र सांगत, आख्खं धरण पाहिलं.

ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर मुरझरीची मंडई आली. मंडई म्हणजे आमच्याकडची दुसरी दिवाळीच. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि गावच्या साऱ्या लेकी-जावयांना बोलावणं. पुष्पाबाई दरवर्षीप्रमाणे एकट्याच डोंग्यात बसून गेल्या. मंडई झाली तरी आल्या नाहीत. त्यांच्याऐवजी डोमा निरोप घेऊन आला.

"वहिनी येत नाई म्हणते जी," डोमा म्हणाला. "म्हणते, माहा बाप आठ वर्सं झाली, जवाई रुसला म्हून झुरून राहिला. जवयानं स्वता यावं, बाबाच्या घरी पोटभर जेवावं, मंगच मी येईन. नाईतं नाई येत."

"मी कायले रुसतो?" भय्याजी चकित झाले. "रुसले तं मामाजी असतीन."

"ते मले ठाऊक नाई. पण वहिनीनं तिकडे धान कापाले सुरुवात केली हाय."

भय्याजी काय ते समजले. बाई माहेरचं धान कापायला लागली म्हणजे तिनं मुक्काम ठोकला. इकडे त्यांना आठ दिवसांत समजून चुकलं होतं की पुष्पाबाईंशिवाय घरात धरणाच्या गोष्टी ऐकायला कुणीच नाही. त्या चिडत, पण ऐकत. घर खायला उठलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चेनला तेल पाजलं, धुतलेला सदरा घातला आणि निघाले. डोंग्यानं नाही, सायकलवरूनच. सायकल मामाजींच्या समोर उभी करायची, माफी मागायची, पोटभर जेवायचं आणि बायकोला आणायचं, असा साधा बेत होता.

पण ते दिवस मंडईचे, आणि भय्याजी आठ वर्षं या काठावर फिरलेले. तिरखुरीत शकुनबाईनं त्यांना रस्त्यातच अडवलं. "धरणवाले भाऊजी! सणाचे उपाशी जाता काय?" लाखोरीच्या डाळीचे वडे समोर आले. नाही म्हणावं तर त्या बाईची बहीण खैरीत दिलेली. नाही म्हणता येईना. पाथरटोल्यात इश्वर नावाच्या ओळखीच्या माणसानं सायकलचं हँडलच धरलं, आणि कोंबडीचा रस्सा खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. "थोडंसं" म्हणत म्हणत भाताचा डोंगर झाला. जांभळीला तर फाट्यावरच बायजाबाईचं घर. तिनं आठ वर्षं या माणसाला फाट्यावर बिडी ओढून परत जाताना पाहिलं होतं. आज तो पुढे मुरझरीकडे वळतो आहे हे पाहून तिला एवढा आनंद झाला की तिनं खीर केली.

मुरझरीला भय्याजी सायकल हातात धरून पोहोचले. चेन पडली होती हे एक कारण, आणि सीटवर बसून वाकता येत नव्हतं हे दुसरं.

अंगणात सासूबाई गोदावरीबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. पुष्पाबाई दारातून पाहून आत गेल्या. तुलाराम सायकलकडे पाहत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. लगेच ताटं मांडली गेली. वडे, कोंबडा, भात, खीर. जांभळीसारखीच खीर. भय्याजींनी ताटाकडे पाहिलं, आणि त्यांचा हात जो मांडीवर गेला तो वर येईना.

सगळं घर थबकलं. त्या घरानं हा हात, ही मांडी आणि वर छताकडे लागलेले हे डोळे आधी एकदा पाहिले होते.

"रुसले व माय," गोदावरीबाई हळूच म्हणाल्या.

"नाई जी, मामीजी, रुसलो नाई," भय्याजी म्हणाले. "पोटात जागाच नाई."

नवरदेवसुद्धा असंच काहीतरी म्हणतात. तुलाराम उठले, आतल्या खोलीत गेले आणि एक सायकल ढकलत बाहेर आले. नवीकोरी, काळी, पोत्यात गुंडाळलेली. दांडीवरचा दुकानचा कागदही काढलेला नव्हता.

"जवाईबापू," ते म्हणाले, "मले माफ करा. तुमी मांडवात मांगतली तवाच सांगाले पायजे होतं. ते सायकल पयलेपासूनच खराब होती. चेन टिकतच नोहती. पण चार माणसात मी तोंड उघडलं नाई, देऊन टाकली. तुमी दिवाळीले डोंग्यात आले, तवाच मी समजलो का जवयाले फसवणूक कळली. हे नवी लाखांदुरातून आणून ठेवली, म्हटलं, येतीन तवा देऊ. तुमी आलेच नाई."

भय्याजींनी हात मांडीवरून उचलून कपाळावर मारला. आठ वर्षं ते ज्या चेनसाठी स्वतःला शिव्या घालत होते, ती चेन सासऱ्याकडून मुळातच पडती आली होती! त्यांना हसू आलं, पण पोटामुळे हसताही येईना. मग तिरखुरीचे वडे, पाथरटोल्याचा रस्सा आणि जांभळीची खीर, सगळं त्यांनी एका दमात कबूल केलं, आणि सायकलची वाट आपणच लावली या शरमेनं आठ वर्षं आलो नाही, हेही सांगून टाकलं. तुलाराम आधी हसले, मग रडले, मग दुपट्ट्यानं तोंड पुसून पुन्हा हसले. भय्याजींनी खिरीचं एक बोट चाटलं. तेवढ्यावर गोदावरीबाईंनी देवासमोर दिवा लावला.

"नवी मले नोको, मामाजी," भय्याजी म्हणाले. "माहा जीव जुनीवरच हाय. चल पुष्पा, निघू. उजेड हाय तंवर."

पुष्पाबाई चुलीजवळ आपलं ताट घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ताट बाजूला सरकवलं, हात मांडीवर ठेवला आणि वर छपराकडे पाहायला लागल्या.

गोदावरीबाईंनी वाढता हात मागे घेतला. बाईमाणसानं ताटावर रुसल्याचं त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं, आणि गावातही कुणी पाहिलं नसावं.

"काहून व पुष्पे?" तुलारामांनी विचारलं. "आता तुले काय पायजे?"

"सायकल," पुष्पाबाई म्हणाल्या.

"तुले कोठी चालवता येते?" भय्याजी म्हणाले.

"बाबाले विचारा. त्याच सायकलच्या दांडीखालून पाय घालून, कैची मारत मी इस्कुलात जात होती. चेन पडली का मीच चढवत होती. तुमी मांडवात मांगतली तवा ते माही होती, बाबाची नाई. मले कोनी विचारलं? आठ वर्सं तुमी पाहून आले आन् मले सांगत राहिले. मी नुसतं ऐकून कायले घ्यावं? मले डोये नाई काय?"

तुलाराम खाली पाहू लागले. पोरगी खरं बोलत होती, हे त्यांना चांगलंच आठवत होतं. भय्याजींच्या मनात पहिल्यांदा कॅरियरचा विचार आला, आणि ते ढिल्लं राहिलं कारण आपणच कधी आवळलं नव्हतं, हे कळून त्यांना फार वाईट वाटलं. ते उठले, नव्या सायकलचं पोतं सोडलं, आपल्या धुतलेल्या सदऱ्याच्या बाहीनं सीट पुसली, घंटी वाजवून पाहिली आणि सायकल बायकोच्या ताटाजवळ आणून उभी केली.

पुष्पाबाईंनी वडा उचलला. सावकाश, पोटभर जेवल्या.

मग लुगड्याचा काष्टा आवळून त्या निघाल्या. अंगणात एकदा पडल्या, फाट्याच्या आधी एकदा पडल्या, आणि नंतर नाही पडल्या. जांभळीच्या बायजाबाईनं हातातलं सूप टाकून दिलं आणि ती रस्त्यापर्यंत धावत आली. भय्याजी मागे चेन चढवत, पोट सांभाळत येत होते.

जंगल संपून जिथे एकदम आख्खं पाणी दिसतं त्या चढावर पुष्पाबाई थांबल्या होत्या. आठ वर्षं हे पाणी त्यांनी डोंग्यात बसून, टोपलं मांडीवर घेऊन ओलांडलं होतं. एवढं मोठं ते असेल असं त्यांना कधी दिसलं नव्हतं. ऊन उतरत होतं. भय्याजी धापा टाकत पोहोचले, आणि सवयीनं हात वर करून म्हणाले, "हे पाय, तिकडे उन्हाळ्यात जुना रस्ता—"

"सांगू नोका," पुष्पाबाई म्हणाल्या. "मले पाहू द्या."

भय्याजींनी हात खाली घेतला. ते रस्त्याच्या कडेला बसले आणि पुष्पाबाईंचं पाहून होईपर्यंत बसून राहिले.