खट! खट! नमस्ते बाई!

कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून देऊन नंतर पहिलीत जाऊन बसलेला माणूस अख्ख्या नागपुरात मी एकटाच असेन! वर्गात नाही, वर्गाबाहेरच्या ओट्यावर. पण एकाच ओट्यावर रोज बसलं की किस्से धुळीसारखे साचतात. अधूनमधून झाडावेच लागतात, नाहीतर बसायला जागा उरत नाही.

माझी पोरगी सुमी. वय सहा. पोलिओ झाला तेव्हापासून दोन्ही पायांना मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर. गुडघ्याजवळ कडी. उठताना पाय ताठ करायचा, कडी खाली सरकवायची. खट! दुसरा पाय. खट! मग खिडकीचा गज धरून अंग वर ओढायचं. बसताना सगळं उलटं. एवढं ध्यानात ठेवा, पुढं कामी येईल.

*

अ‍ॅडमिशनला गेलो. हेडमास्तरांनी सुमीकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. जणू पुसल्यावर पोरगी बदलणार होती!

"अशा पोरांची वेगळी शाळा असते," म्हणाले.

"कुठं?"

"असंन कुठंतरी."

ही आपली वडीलधारी मंडळी! पत्ता माहीत नाही, पण पाठवायची घाई.

मग म्हणाले, "हिले काही समजते का?"

मी तोंड उघडायच्या आत सुमी मला म्हणाली, "बाबा, हे मले काहून नाही विचारत?"

हेडमास्तरांचा चष्मा पुन्हा निघाला. शेवटी दोन अटींवर नाव घातलं. एक, बापानं शाळा सुटेपर्यंत ओट्यावर हजर राहायचं, पडलीबिडली तर जबाबदारी त्याची. दोन, दिवाळीनंतर इन्स्पेक्शनला साहेब येणार. साहेबांसमोर हिच्यामुळे शिस्त बिघडली, तर नाव कमी!

माझी मिलमध्ये दुसरी पाळी होती, शाळा सकाळची. म्हणालो, "बसतो."

*

आमच्या बाबूजींना, म्हणजे माझ्या वडलांना, हे पसंत नव्हतं. सुमीला ताप भरला तेव्हा हेच बाबूजी पंचांग उघडून बसले होते. डॉक्टरकडे न्यायला चांगला दिवस पाहत होते! दिवस चांगला निघेपर्यंत पाय गेले. त्यावर पश्चात्ताप? नाव नको. वरून तिच्या समोरच म्हणायचे, "मागच्या जन्माचं पाप आहे पोरीचं."

शाळेच्या पहिल्या दिवशी पुन्हा तेच. मी बोलणार, तर सुमीनंच विचारलं, "आबाजी, मी मागच्या जन्मी पाप केलं?"

"हो बेटा. मोठंच केलं असंन."

सुमीनं डोळे बारीक करून बराच वेळ आठवून पाहिलं. मग म्हणाली, "मजा आली असंन तवा!"

बाबूजींनी पंचांग मिटलं. त्यानंतर मागच्या जन्माचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

*

शाळेच्या ओट्याला पायऱ्या आहेत. उंच, झिजलेल्या. बांधणाऱ्यानं पोरांसाठी बांधल्या की घोड्यांसाठी, कळत नाही. पहिल्या दिवशी सुमी कठडा धरून एकेक पाय वर ओढत होती आणि मी मागून दोन्ही हात पसरून उभा. कोंबडी पकडायला निघाल्यासारखा!

आजूबाजूच्या आया "अगं बाई, अगं बाई" करत होत्या. एक आजोबा डोळे पुसत होते. बाजूला सरकून वाट देणारा मात्र एकही नव्हता.

सुमी मध्येच थांबली. मला वाटलं, थकली. उचलून घ्यायला वाकलो.

"बाबा, मागं व्हा नं," ती म्हणाली. "तुमची सावली पडून राहिली. पायरी दिसत नाही मले."

मी मागं झालो. आजही, काही सुचलं नाही की तेवढंच करतो.

*

वर्गात नियम असा की बाई आल्या की सगळ्यांनी उठायचं, "नमस्ते बाई" म्हणायचं आणि बसायचं. पहिल्या दिवशी बाई आल्या. वर्ग उठला, नमस्ते झालं, वर्ग बसला. आणि मग शांततेत, खट! खट! सुमी गज धरून वर आली आणि एकटीच ओरडली, "नमस्ते बाई!"

वर्ग हसून हसून आडवा.

बाई तशा चांगल्या होत्या. म्हणाल्या, "सुमन, तू बसूनच म्हणत जा बेटा."

"नाही बाई," सुमी म्हणाली. "तुम्ही जरा हळू या नं!"

बाई हळू काही येईनात. मग सुमीनंच मार्ग काढला. बाईंची चप्पल व्हरांड्याच्या टोकाला वाजली की ती इकडे सुरू करायची. बाई दारात, सुमी उभी!

*

याचा फायदा सुमीपेक्षा वर्गाला जास्त झाला. बाई नसताना वर्गात काय चालायचं ते मी खिडकीतून पाहायचो. कुस्ती, कागदाची विमानं, एकमेकांच्या वेण्या दाराला बांधणं. पण सुमीच्या कोपऱ्यातून पहिला खट आला, की विमानं खाली, वेण्या सुटल्या, आणि दुसऱ्या खटाला वर्ग असा चूप, जणू ध्यानाला बसला!

हेडमास्तरांना अचानक राऊंड मारायची हौस. पाय न वाजवता यायचे, मांजरासारखे. पण त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा थोडाच ऐकतो! तो वाजला की इकडे सुमीचा खट! आठवडाभर रोज आले, रोज चूप वर्ग. शेवटी वैतागून बाईंना म्हणाले, "या वर्गात काहीतरी गडबड आहे!"

"काय सर?"

"गडबडच सापडत नाही!"

*

एकदा मधल्या सुट्टीत पाहतो तर सुमी ओट्यावर पाय मोकळे सोडून बोरं खात बसलेली, आणि तिचे कॅलिपर मैदानात फिरून राहिले! घातले होते पक्यानं. पक्या म्हणजे वर्गातला पहिलवान. सुमीला रोज "लंगडी" म्हणणारा. मागं पोरांची रांग लागलेली. ज्यानं मूठभर बोरं दिली, त्याला एक चक्कर.

मी धावलो. पण मी पोचायच्या आत पक्याच धाडकन पडला. उठायला गेला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा उठलाच नाही. मी पट्टे सोडले. लोखंडाचे वळ त्याच्या मांडीवर उमटले होते. तो आधी वळांकडे पाहत होता, मग ओट्यावर बिया थुंकणाऱ्या सुमीकडे.

"काका," त्यानं हळूच विचारलं, "हे घालून सुमी रोज पायऱ्या चढते?"

"रोज."

पक्यानं नाक पुसलं. मग रांगेकडे वळून ओरडला, "आता जो कोणी हिले लंगडी म्हणंन नं, त्याले मी हे घालून देईन!"

*

आणि मग दिवाळी झाली. इन्स्पेक्शन आलं.

आदल्या दिवशी हेडमास्तर वर्गात आले. सुमीला शेवटच्या कोपऱ्यात बसवलं, पुढं वर्गातली सगळ्यांत उंच पोरं. लोखंड दिसायला नको! मग हुकूम सुटला, "उद्या साहेब आले की कोणीही उठायचं नाही. सगळ्यांनी बसूनच हात जोडायचे."

बाई म्हणाल्या, "सर, बसून नमस्ते? बरं दिसंन का?"

"साहेबांचा वेळ वाचते!" हेडमास्तर म्हणाले. मग खिडकीतून माझ्याकडे वळले. "आणि ध्यानात ठेवा. जरा इकडचं तिकडं झालं, तर उद्याच नाव कमी."

सायकलवर घरी येताना सुमी डबलसीटवरून म्हणाली, "बाबा, मोठं माणूस आलं तरी बसून राहायचं?"

नाव जाणार, हे तिलाही माहीत होतं. मी पायडल मारत राहिलो. "तुझं तू पाह," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मला ओट्यावरूनही हाकललं. मी मागच्या बाजूनं खिडकीशी जाऊन उभा राहिलो. सुमीच्याच खिडकीशी. आत पोरं कुजबुजत होती. फाटकाशी जीप थांबली. बूट वाजत व्हरांड्यात चढले. पुढं साहेब, मागं हार घेतलेले हेडमास्तर.

आणि माझ्या समोर, गजापलीकडे... खट!

वर्ग एकदम चूप.

खट!

दोन छोटे हात गजावर आले. बोटं पांढरी पडेपर्यंत आवळली. माझे हात आपोआप पुढं झाले. मी ते मागं घेतले.

साहेब दारात आले. अख्खा वर्ग मांडी घालून, हात जोडून, मूर्तीसारखा बसलेला. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून, मागच्या कोपऱ्यात, एकटी सुमी उभी!

"नमस्ते साहेब!"

साहेबांनी तिला नमस्कार केला. बसलेल्या वर्गावरून एकदा नजर फिरवली. मग हेडमास्तरांकडे वळून, अगदी काळजीनं विचारलं,

"काय हो, बाकीच्या मुलांच्या पायांना काय झालंय?"