काठाला लागलेला नारळ

बातमीच्या आधी व्हिडिओ आला. पुलाच्या कठड्यावर माझा सुधीरदादा उभा, खाली गोदावरीचं गढूळ पाणी आणि कोणीतरी ओरडतंय, "काका, होऊन जाऊ द्या एकदा! रील करतोय!" दादाने उडी मारली, शिट्ट्या, टाळ्या... आणि व्हिडिओ संपला. इगतपुरीच्या घरात बसून मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते, बँकेतून निवृत्त झाला तरी अक्कल आली नाही म्हणून. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. "आत्या, बाबा वर आलेच नाहीत गं."

आमचे वडील घाटावर यात्रेकरूंची पूजा सांगायचे, त्यामुळे घरात नारळांना तोटा नव्हता. पूर आला, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की दादा त्यातला एक पळवायचा. आधी नारळ, मग आपण, हा त्याचा नियम. तो पुलावरून नारळ सोडायचा आणि मी खाली, प्रवाह वळून काठाला येतो त्या पायऱ्यांवर उभी. नारळ भोवऱ्यात न अडकता माझ्यापर्यंत आला की मी तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरायचे. ती खूण पाहून दादा उडी टाकायचा आणि नारळाच्याच वाटेने वाहत माझ्या पायाशी येऊन लागायचा. मलाही उडी मारायची फार हौस होती. "तू पोरगी आहेस, तू नारळ धर," म्हणायचा. त्याचा राग अजून गेलेला नाही. तो दिसेनासा झाला की माझा जीव टांगणीला लागायचा आणि हसत वर आला की त्याच नारळाने त्याचं टाळकं फोडावंसं वाटायचं. आईला कळलं तेव्हा तिने दोघांनाही बडवलं. मला जरा जास्तच, खूण मी करत होते म्हणून.

त्या दिवशीही त्याने आधी नारळ टाकला होता. व्हिडिओत ते नाही, पण घाटावर फुलं विकणाऱ्या मावशींनी पाहिलं. "नारळ नीट कडंला आला ताई, मंगच उडी टाकली त्यांनी." नारळ वरून तरंगत आला. खाली घाटाच्या कामातला अर्धवट खांब होता, गज बाहेर आलेले. पाणी चढलं तसा तो झाकला गेला. फलक नाही, दोरी नाही, आणि काम कोणाचं विचारलं तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. चौकात मात्र दादाचा हसरा फ्लेक्स लागला, 'गोदामाईचा वाघ'. खाली हात जोडलेल्या फोटोंत शिट्ट्या मारणारेही आहेत. वहिनी भाजीला लांबच्या रस्त्याने जाते. मला सगळ्यांचा संताप येतो आणि सगळ्यात जास्त दादाचा. चार पोरांच्या टाळ्यांसाठी बायकोला असं टाकून जातात का?

तो नारळ मावशींनी दादाच्या घरी आणून दिला. दिवसकार्य झालं, तरी तो स्वयंपाकघराच्या खिडकीतच आहे. परवा मी म्हटलं, "वहिनी, खराब होईल. नदीत सोडून येऊ का?"

"नको वन्सं. तो पुन्हा एकटाच काठाला येईल."

मी नारळ उचलला. आत पाणी हललं... जुन्या सवयीने हात डोक्याकडे जाऊ लागले, आणि मी ते घाईने खाली घेतले.